सापाची 'लस' आणि मामांचा गैरसमज

दिवाळीत यावलला मामांकडे गेलो होतो. रात्री दोन वाजता मामा टॉर्च घेऊन केळीला पाणी द्यायला निघाले. मोटारीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. पायात साध्या स्लीपर! दोन वर्षांपूर्वी याच शेतात त्यांना घोणस चावली होती, म्हणून म्हटलं, "मामा, बूट तरी घाला." तर म्हणाले, "अहो भाचेबुवा, आता काय होतंय? सापाच्या लशीच्या वीस बाटल्या घेतल्यात मी!"

मी गारच पडलो. पण चूक त्यांची नाही. चूक 'लस' या शब्दाची आहे. आणि त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

1896 साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत मारलेल्या जंतूंची लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. ही खरी लस. ती शरीराला शत्रूचा फोटो दाखवते, अँटीबॉडी शरीर स्वतः बनवतं. पहिल्या काही दिवसांत येते आयजीएम : पाच तुकड्यांची, मोठी, घाईघाईत काढलेलं पहिलं व्हर्जन म्हणा! मग सावकाश येते आयजीजी : नेमकी, टिकाऊ. आणि आठवण मागे राहते.

पण घोणशीला एवढी सवड कुठे? तिचं विष काही तासांत रक्ताची गोठण्याची क्षमता संपवतं. इथे उपयोगी पडला दुसरा शोध. 1890 साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं की एका प्राण्याच्या रक्तातलं संरक्षण दुसऱ्याला देता येतं. काही वर्षांतच फ्रान्सच्या काल्मेटनं ही युक्ती नागाच्या विषावर वापरली. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात आयजीजी साठली की ती काढून घ्यायची. थोडक्यात, रेडिमेड माल!

गंमत म्हणजे हे दोन्ही उद्योग मुंबईत एकाच छपराखाली आले. हाफकिन यांची प्रयोगशाळा 1899 साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. 1925 साली तिला त्यांचंच नाव मिळालं. पुढे तिथेच नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविषही बनू लागलं. प्लेगचीही 'लस', सापाचीही 'लस'. लोकांनी फरक करायचा तरी कसा?

फरक मात्र जीवघेणा आहे. मामांना मिळालेली आयजीजी घोड्याची, म्हणजे उसनी होती. आता तर पेप्सिननं तिची शेपटी कापून फक्त विष पकडणारे हात ठेवतात. ते हात थोड्या दिवसांत शरीराबाहेर जातात. मागे विषाविरुद्ध कामाची आठवण राहत नाही. उलट शरीर घोड्याच्या प्रथिनाची ओळख ठेवू शकतं! तिथे येते आयजीई, जंत आणि अ‍ॅलर्जीवाली. 1966-67 मध्ये सापडलेली ही पाचवी बहीण पुढच्या वेळी त्याच औषधावर तीव्र रिअ‍ॅक्शन आणू शकते. म्हणून प्रतिविष दवाखान्यातच, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायचं. पण रिअ‍ॅक्शनला घाबरून टाळायचं मात्र नाही.

(राहिलेल्या दोघी : आयजीए लाळेत, अश्रूंत, आईच्या दुधात पहारा देते. आयजीडी बी-पेशींच्या अंगावर बसलेली असते, तिचं पूर्ण काम अजून उलगडलेलं नाही.)

2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58,000 माणसं गेली, असा 2020 सालच्या अभ्यासाचा अंदाज आहे. बहुतेक सगळी खेड्यातली.

हे सगळं मी मामांना सकाळी चहावर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे घोड्यानं उधार दिलं होतं, आणि मी आपली कमाई समजून बसलो!"

इतकं सोपं मलाही सांगता आलं नसतं. असो. निघताना फैजपूरला थांबून गमबूट घेऊन दिले. तुमचंही कुणी रात्री शेतात जात असेल, तर एक फोन नक्की करा.