इलेक्ट्रॉनिक सिटी : पर्यावरण शिक्षणातून युवा नेतृत्वाची जडणघडण

बेंगळुरूच्या दक्षिणेस ‘केऑनिक्स’ने १९७८ मध्ये ३३२ एकर जागेवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसवली. सुमारे १०० किलोमीटरवरून कावेरीचे पाणी आणणाऱ्या या महानगरात २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो कूपनलिका आटल्या. त्यामुळे जलसाक्षर युवा पिढीची निकड अधोरेखित झाली.

सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात २२ नोव्हेंबर १९९१ रोजी शिक्षणाच्या सर्व स्तरांवर पर्यावरण विषय सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या माध्यमातून शाळाशाळांत पर्यावरण मंडळे स्थापन झाली. पदवी अभ्यासक्रमासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एराक भरुचा यांनी लिहिले.

इलेक्ट्रॉनिक सिटीत मोठे संकुल असलेल्या विप्रोने २०११ मध्ये शाळा-महाविद्यालयांसाठी ‘अर्थियन’ उपक्रम सुरू केला. पाणी, जैवविविधता यांसारख्या विषयांवर विद्यार्थी गटाने परिसराचा अभ्यास करतात.

नेतृत्वाचे बीज याच प्रक्रियेत रुजते. पाण्याचा वापर स्वतः मोजणारा विद्यार्थी पुराव्यानिशी प्रश्न मांडतो, सहकाऱ्यांत कामाची वाटणी करतो आणि प्रशासनाशी संवाद साधतो. मात्र विषय केवळ गुणांपुरता उरल्यास हा लाभ हाती लागत नाही.