बुलेट ‘धडधड’ का करते आणि सुपरबाइक का किंचाळते?

डोळे मिटले तरी बुलेट ओळखू येते. चार सिलिंडरची सुपरबाइक गेली तरी न बघता कळतं. दोन्ही पेट्रोलवरच चालतात, मग आवाजात एवढा फरक का? मित्र मला हे नेहमी विचारतात आणि बहुतेकांना वाटतं, कमाल सायलेन्सरची आहे. पण खरं उत्तर इंजिनमध्ये आहे.

आवाज येतो कुठून?

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटतं. नंतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाखालचा गरम वायू झपकन बाहेर पडतो. हाच एक ठोका. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकदाच पेटतो.

आता हिशोब करू. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला एकच सिलिंडर आहे. १,२०० आरपीएमला तिचे सेकंदाला फक्त १० ठोके पडतात, म्हणून ते सुटे सुटे ऐकू येतात. चार सिलिंडरचं इंजिन १२,००० आरपीएमला सेकंदाला ४०० ठोके देतं. एवढे ठोके कानाला वेगळे जाणवत नाहीत. त्यांचा एक सलग, उंच सूर होतो.

सगळा खेळ अंतराचा

ठोके किती, एवढंच नाही. ते किती अंतराने पडतात हेही महत्त्वाचं.

• साधं इनलाइन-फोर: दर १८० अंशांनी ठोका. आवाज एकसारखा, गुळगुळीत.
• हार्ले-डेव्हिडसनचं ४५ अंशांचं व्ही-ट्विन: ३१५ आणि ४०५ अंश. म्हणून तो लंगडत चालल्यासारखा ठेका.
• इंटरसेप्टर ६५०: दोन सिलिंडर शेजारी शेजारी, पण अंतर २७० आणि ४५०. त्यामुळे आवाज व्ही-ट्विनसारखा.
• २००९ ची यामाहा आर१: चारच सिलिंडर, पण क्रॉसप्लेन क्रँकमुळे अंतर २७०-१८०-९०-१८०. म्हणून ती किंचाळण्याऐवजी गुरगुरते.

मग सायलेन्सर बदलून काय होतं?

सायलेन्सर आवाज कमी-जास्त करतो, थोडा जाड-पातळ करतो. ठोक्यांचं वेळापत्रक मात्र क्रँकशाफ्ट आणि सिलिंडरची मांडणी ठरवतात. त्यामुळे एका सिलिंडरच्या बाइकला कितीही महाग सायलेन्सर लावा, ती फोर-सिलिंडर वाजणार नाही. फक्त मोठ्याने वाजेल. वर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाजाची मर्यादा मोडली तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं.

माझं ऐकाल तर खर्च करण्याआधी हेडफोन लावा, यूट्यूबवर या बाइक्सचे व्हिडिओ उघडा आणि प्लेबॅक स्पीड ०.२५ करा. बाइक उभी असताना, कमी आरपीएमवरचा भाग निवडा. ठोक्यांमधलं अंतर तुम्हाला स्वतःच ऐकू येईल.