ठोक्यांचा वेग कोणी ठरवायचा?

प्रोसेसर घड्याळाच्या ठोक्यांवर काम करतो. ठोके निम्म्या वेगाने पाडले, तर तेच गणित निम्म्या ऊर्जेत सुटेल का? वर्गात विचारून पाहावे. बरेच जण हो म्हणतील. पण वेळ दुप्पट लागतो, आणि (गळतीचा प्रवाह तूर्त बाजूला ठेवू) हिशेब जिथल्या तिथे राहतो. शक्ती वारंवारतेच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या समप्रमाणात असते. ठोके संथ असले की दाब कमी करून भागते. खरी बचत तिथे आहे.

अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातील मार्क वाइझर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये यावरून एक युक्ती सुचवली. घाईने काम उरकून रिकामे बसण्यापेक्षा प्रोसेसरने आधीच संथ चालावे. पण पुढे किती काम येणार, हे कसे कळावे? त्यांचा व्यवहार्य नियम अगदी साधा होता: नुकताच जितका व्यस्त होता, तितकाच पुढेही राहील. संगणकांच्या वापराच्या नोंदींवर तो तपासला. ५० मिलिसेकंदांचे टप्पे घेऊन आणि दाब ५ वरून ३.३ व्होल्टपर्यंत उतरवता येतो असे धरून, बचत ५० टक्क्यांपर्यंत गेली.

वाइझर १९९९ मध्ये वारले. इंटेलचे दोन वेगांचे 'स्पीडस्टेप' बाजारात आले जानेवारी २००० मध्ये. २००३ च्या पेंटियम-एममध्ये मधल्या पायऱ्याही होत्या: वर १.६ गिगाहर्ट्झला १.४८४ व्होल्ट, तळाला ६०० मेगाहर्ट्झला ०.९५६ व्होल्ट. आपणच गुणाकार करून पाहू. शक्ती सुमारे ६.४ पटींनी उतरते, वेळ २.७ पट लागतो. म्हणजे त्याच कामाची ऊर्जा २.४ पटींनी कमी!

पायरी बदलणाऱ्या ड्रायव्हरला क्रम पाळावा लागतो. चढताना आधी दाब वाढवायचा, मग वेग. उतरताना आधी वेग कमी करायचा, मग दाब. उलटे केले तर अपुऱ्या दाबावर जलद ठोके पडतात आणि यंत्र चुकते किंवा अडकते.

डिसेंबर २००३ च्या लिनक्स २.६ मध्ये हे काम विभागलेले होते: वेग कसा बदलायचा ते ड्रायव्हर जाणतो, केव्हा बदलायचा ते 'गव्हर्नर' ठरवतो. २००४ चा 'ऑनडिमांड' गव्हर्नर भार ८० टक्क्यांवर गेला की थेट वरच्या पायरीवर उडी घेई, उतरताना मात्र सावकाश. आम्हाला हा पक्षपात रास्त वाटतो. संथपणा वापरणाऱ्याला लगेच खुपतो, वाया गेलेली वीज दिसत नाही.

२०१५ च्या स्कायलेकपासून इंटेलची चिपच कर्नलने आखलेल्या मर्यादांत वेग निवडू शकते. उलट २०१६ च्या लिनक्स ४.७ मधला 'स्केडयुटिल' शेड्यूलरच्याच नोंदी वापरतो. वाइझर यांनी हा प्रश्न मुळात शेड्यूलरचाच मानला होता.