प्राध्यापक पुन्हां विद्यार्थी होतात

उमरी हें नांव निघालें कीं, ३० जानेवारी १९४८ रोजीं मुक्तिसंग्रामांतील सैनिकांनीं तेथील बँकेवर घातलेला छापा मराठवाड्यांतील माणसास आठवतो. परंतु ज्या सत्तेविरुद्ध तो छापा होता, तिच्याशीं या भागाचें भांडण शिक्षणाचेंही होतें. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें व उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू ठरलें. त्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें निघालें. शास्त्रांचे ग्रंथ उर्दूंत उतरले, परिभाषा घडविली गेली. हा उद्योग मोठा होता यांत शंका नाहीं. तथापि बाकावर बसलेल्या मराठी, तेलुगु वा कानडी मुलाच्या घरची भाषा कोणती, हा प्रश्न मागेंच राहिला. शिकविणाराची सोय झाली; ऐकणाराची राहून गेली.

हैदराबादचें संस्थान विलीन झाल्यावर १९५० सालीं नांदेडला पीपल्स कॉलेज निघालें. पुढें १७ सप्टेंबर १९९४ रोजीं स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठही तेथें झालें. आतां उच्च शिक्षण उमरीच्या हाकेच्या अंतरावर आलें होतें. तोंच माध्यमाचा प्रश्न नव्या वेषानें पुन्हां उभा राहिला. या वेळीं तो भाषेचा नव्हता, यंत्राचा होता.

माध्यम बदललें म्हणजे शिक्षकास आधीं स्वतः विद्यार्थी व्हावें लागतें. हें ओळखून मुंबईच्या आय. आय. टी.नें २००९ पासून प्राध्यापकांसाठीं दूरस्थ कार्यशाळा आरंभिल्या. प्राध्यापक दीपक फाटक हे त्या उपक्रमाचे अध्वर्यु. पवईचें व्याख्यान इंटरनेटवरून देशभरच्या केंद्रांत एकाच वेळीं ऐकूं जाई, आणि हजारों अध्यापक आपआपल्या गांवाजवळच्या केंद्रांत बसून शिकत. त्यांतील खरें मर्म मात्र व्याख्यानांत नव्हतें. प्रत्येक केंद्राचा समन्वयक अगोदर पवईस जाऊन तयार होऊन येई, आणि व्याख्यान संपल्यावर अभ्यास व प्रयोग तोच करवून घेई. यंत्र आवाज पोंचवी. समजलें कीं नाहीं, हें पाहावयास जवळचा माणूस असे.

पुढें २०१७ सालीं ‘स्वयम्’ हें सरकारी व्यासपीठ आलें, व २०१८ मध्यें त्यावर अध्यापकांच्या उजळणीचे वर्गही सुरू झाले. तरी बहुतेकांना तें आपल्या वर्गापासून दूरचें वाटे. मार्च २०२० मध्यें महासाथीनें महाविद्यालयें बंद पडलीं, तेव्हां जें वर्षानुवर्षें शिकावयाचें, तें दिवसांत शिकण्याची पाळी आली. कोठें कळ दाबावी, कोठें लिहावें, हें लौकरच साधलें. समोरचे चेहरे मात्र नाहींसे झाले. न समजलेल्या विद्यार्थ्याच्या कपाळावरील आठी पाहून व्याख्यान थांबविण्याची जी जुनी विद्या, ती पडद्यावर उपयोगी पडेना. शिवाय ज्या घरीं एकच फोन आणि तोही शेतावर गेलेल्या बापाच्या खिशांत, त्या घरचा विद्यार्थी त्या पडद्यावर नव्हताच.

म्हणून ऑनलाइन अध्यापनाचें शिक्षण म्हणजे केवळ यंत्राचें शिक्षण नव्हे. पाठ लहान करणें, मध्येंच प्रश्न विचारणें, उत्तराची वाट पाहणें, आणि ज्याला जोडतां आलें नाहीं त्याच्यासाठीं दुसरी वाट ठेवणें, ही त्यांतील खरी कला होय. १९१८ सालीं ग्रंथ तयार होते, ऐकणारा विसरला गेला. उमरीच्या मुलाला ती चूक पुन्हां सोसावी लागूं नये, यांतच या नव्या प्रशिक्षणाची कसोटी आहे.