ओवी आणि उशिराचा आवाज

आम्ही कासारवाडीच्या गटातल्या बाया. 1954 साली शेजारी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, मागोमाग आणखी कारखाने आले आणि गावोगावच्या बाया इकडे नांदायला आल्या. जातं गावी राहिलं, ओव्या सोबत आल्या.

त्या ओव्या हरवू नयेत म्हणून पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावं पालथी घालून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 1990 च्या दशकात संगणकाचे जाणकार बर्नार्ड बेल त्यांना मिळाले आणि बायांचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले.

नुसत्या ध्वनिमुद्रणात संगणक क्षणभर मागे राहिला तरी चालतं. थेट कार्यक्रमात नाही चालत. आम्ही गटाच्या पैशातून पहिला संगणक घेतला, तेव्हा "मेमरी भरपूर आहे" एवढंच ऐकलं होतं. आमची एक मैत्रीण हेडफोन लावून गायला बसली. तिचाच आवाज तिच्या कानात मागून येऊ लागला. तिसऱ्या ओवीला ती अडखळली. म्हणाली, "माझाच गळा गेला." गळा चांगला होता, यंत्र चुकलं होतं.

जुन्या रेडिओत आवाज तारेतून सरळ जाई. संगणक आवाज सेकंदाला 48,000 वेळा मोजतो आणि डबा भरला की मगच पुढे धाडतो. 1,024 मापांचा डबा भरायला 21 मिलिसेकंद लागतात, 128 मापांचा तीनच्या आत भरतो. शिवाय आवाज आत येताना एक डबा आणि बाहेर जाताना दुसरा. विंडोजच्या वळणांत आणखी वेळ जाई, म्हणून 1997 साली जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने 'एएसआयओ' ही जवळची वाट काढली.

पण डबा लहान केला की प्रोसेसरला घाईने काम उरकावं लागतं. नाही जमलं तर आवाज तडतडतो. म्हणून पैसे आधी चांगल्या प्रोसेसरवर घाला. माइकसाठी वेगळं यूएसबी साउंड कार्ड घ्या. त्याला एएसआयओ चालतं का आणि गाणारीला तिचा आवाज संगणकात न शिरता थेट ऐकू येतो का, ते विचारा. हेडफोन तारेचाच घ्या, ब्लूटूथचा आवाज हमखास मागे पडतो.

आणि पैसे देण्याआधी दुकानातच एक ओवी म्हणून बघा. लाजू नका. गटाचा पैसा आहे, आणि आवाज आपला आहे.