कलाम, ए. पी. जे. अब्दुल
(१५ ऑक्टोबर १९३१ – २७ जुलै २०१५). भारतीय क्षेपणास्त्र शास्त्रज्ञ आणि भारताचे अकरावे राष्ट्रपती (२००२–०७). जन्म रामेश्वरम् (तमिळनाडू) येथे. लहानपणी वर्तमानपत्रे वाटून त्यांनी घरखर्चाला हातभार लावला. ते प्रकल्पसंचालक असताना एसएलव्ही-३ या उपग्रह प्रक्षेपक यानाचे पहिले उड्डाण फसले (१९७९). तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले. पुढच्या वर्षी यश मिळताच मात्र त्यांनी कलामांना पुढे केले. अपयश नेत्याने पत्करावे, श्रेय सहकाऱ्यांना द्यावे, ही शिकवण कलाम आवर्जून सांगत. मोठ्या स्वप्नांना ज्ञान व चिकाटीची जोड हवी, हे त्यांच्या विचारांचे सूत्र. शिलाँग येथे विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देतानाच ते कोसळले व त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिन महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो.