पर्यावरणीय नोंदी आणि स्थानिक कारभार : उल्हास नदी व बेलवली परिसराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संयुक्त राष्ट्रसंघाने 2015 मध्ये शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टे स्वीकारली. त्यांतील सहावे उद्दिष्ट पाणी व स्वच्छता यांच्याशी संबंधित असून, प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्याचे प्रमाण 2030 पर्यंत निम्म्यावर आणणे हा त्याचा एक भाग आहे. भारताच्या नीती आयोगाने डिसेंबर 2018 मध्ये या उद्दिष्टांबाबत राज्यांचा पहिला निर्देशांक प्रसिद्ध केला. या मोजणीचे एकक प्रामुख्याने राज्य हे आहे. नदी मात्र गावागावांच्या हद्दीतून वाहते. राष्ट्रीय उद्दिष्ट आणि गावपातळीवरील नोंद यांतील हे अंतर कसे निर्माण झाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात बदलापूरजवळील बेलवलीच्या संदर्भात घेतला आहे.

जमिनीची नोंद आणि माणसांची नोंद

मुंबई इलाख्यात 1835 पासून इंदापूर तालुक्यात सुरू झालेल्या जमीनमोजणीने प्रत्येक शेताची हद्द, प्रत आणि आकारणी निश्चित केली. महसूल जमिनीवर होता, म्हणून जमिनीची नोंद काटेकोर झाली. वाहत्या पाण्याच्या गुणवत्तेवर कोणताही महसूल अवलंबून नव्हता. त्यामुळे शेताला सातबारा मिळाला. नदीला तसा उतारा मिळाला नाही.

बेलवली हे मूळचे स्वतंत्र गाव होय. 1983 मध्ये स्थापन झालेल्या कल्याण महानगरपालिकेत बदलापूर परिसराचा समावेश झाला आणि 1992 मध्ये तो वगळून कुळगाव-बदलापूर नगरपरिषद अस्तित्वात आली. बेलवली या नगरपरिषदेच्या हद्दीत येते. अशा प्रकारे एका दशकात नोंदीचे एकक दोनदा बदलले. नगरपरिषदेची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 98 हजार होती; 2011 मध्ये ती सुमारे 1 लाख 74 हजार झाली. 2021 ची जनगणना मात्र झाली नाही. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ही ठरविण्यात आली आहे.

ही त्रुटी केवळ सांख्यिकीय नाही. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज 135 लिटर हे प्रमाण धरले जाते आणि त्यातील सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते असे मानले जाते. या हिशेबाने 2011 च्या लोकसंख्येचे सांडपाणी दररोज सुमारे 1 कोटी 88 लाख लिटर भरते. लोकसंख्येत एका लाखाची भर पडली, तर त्यात आणखी 1 कोटी 8 लाख लिटर वाढतात. जुन्या आकड्यावर आखलेले प्रक्रिया केंद्र कागदावर पुरेसे ठरते. नदीत मात्र फरक दिसत नाही.

पाण्याची विभागलेली नोंद

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा 1969 मध्येच केला आणि 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा त्यानंतर, म्हणजे 1974 मध्ये आला. कायद्याच्या बाबतीत राज्य मागे नव्हते. अडचण नोंदींच्या विभागणीत होती. बदलापूर व अंबरनाथसाठी उल्हास नदीवरील बंधाऱ्यातून पाणी उचलते ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. सांडपाण्याची जबाबदारी नगरपरिषदेची. कारखान्यांना संमतिपत्र देते ते प्रदूषण नियंत्रण मंडळ. पूररेषा आखतो तो जलसंपदा विभाग. नदी एक, वह्या चार.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातील 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकी 53 महाराष्ट्रातील होते व त्यांत उल्हास नदीचा मोहने ते बदलापूर हा पट्टाही होता. मोहने येथून कल्याण-डोंबिवलीसाठी पिण्याचे पाणी उचलले जाते. पट्टा प्रदूषित आहे एवढे ही यादी सांगते. बदलापूरच्या सांडपाण्याचा वाटा किती आणि उल्हासनगरच्या खेमाणी नाल्याचा किती, हे ती सांगत नाही. ‘वनशक्ती’ या संस्थेने 2013 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि 2015 मध्ये आदेश झाला, तेव्हा स्थानिक संस्था व औद्योगिक घटक यांची जबाबदारी एकत्रित तपासली गेली. जे काम दैनंदिन कारभाराने करावयाचे, ते न्यायालयीन प्रक्रियेला करावे लागले.

पुराबाबतही हेच घडले. नदीकाठच्या उद्योगांचे नियमन करणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण 2000 मध्ये आले आणि 2015 मध्ये रद्द झाले. 26 जुलै 2005 च्या महापुराचा अनुभव गाठीशी असतानाही 27 जुलै 2019 रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, उणीव आकड्यांच्या संख्येत नसून त्यांच्या हद्दीत आहे. प्रत्येक स्थानिक संस्थेच्या हद्दीत नदी प्रवेश करते तेथे आणि ती हद्द सोडते तेथे पाण्याची नियमित तपासणी झाली, तर दोन नोंदींमधील फरक हाच त्या संस्थेचा उतारा ठरेल. तो नगरपरिषदेच्या सभेपुढे दरवर्षी ठेवता येईल आणि नागरिकांना त्यावर प्रश्न विचारता येतील. 74 व्या घटनादुरुस्तीने पर्यावरण संरक्षण हा विषय नगरपालिकांच्या कार्यसूचीत समाविष्ट केला आहे; त्या तरतुदीला मोजमापाची जोड अद्याप मिळावयाची आहे. जमिनीच्या बाबतीत जे इंदापुरात सुमारे एकशे नव्वद वर्षांपूर्वी शक्य झाले, ते बेलवलीच्या पाण्याबाबत अशक्य मानण्याचे कारण नाही.